मामंजींना झेपेल असं विमान

मेलबर्नला जायचं ठरलं तेव्हा कुठल्या विमानाने जायचं याविषयी आमच्या घरात चार माणसांची तीन मतं होती, आणि त्यांतलं माझं बरोबर होतं. हे मी तेव्हाही मोठ्याने सांगत होते, आजही सांगते.

आमची मुलगी लग्नानंतर तिकडे गेली, तिची मुलगी तिकडेच जन्मली. नातीला आमची तंजावरची मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीतून येतं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, कानाने कमी ऐकू येतं. व्हिडिओ कॉलवर त्यांना पणतीचं नुसतं हलणारं तोंड दिसायचं. एकदा जेवताना ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "मज एकदा तिथे घेऊन चला. ती काय बोलते ते समोर बसून ऐकेन."

मामंजींनी ऐंशी ओलांडली होती आणि ते कधी विमानात बसले नव्हते. आयुष्यभर रेल्वेत होते, त्यातली बरीच वर्षं पापनाशम स्टेशनात तिकीट खिडकीच्या मागे. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणापाशी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्यामुळे त्या एका वाक्यावर आमचं जाणं पक्कं झालं.

मुलीने फोनवर लगेच एका मोठ्या नावाजलेल्या कंपनीचं नाव घेतलं. "अम्मा, चेन्नईहून बसा. तिकिटं मी काढते. ताताला स्वस्तातल्या विमानात कोंबू नकोस." आजोबांना, म्हणजे मामंजींना, ती ताता म्हणते.

आमच्या ह्यांचंही तेच मत. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. कुठल्याही वस्तूवर नामांकित छाप असला की ह्यांचा जीव शांत होतो. "एवढ्या लांबचा प्रवास," हे म्हणाले, "नाव असलेली कंपनीच बरी."

मामंजींचं मत होतं की जहाज मिळालं तर पाहावं.

मी मात्र चेन्नईचा तो प्रवास एकदा केलेला होता. नात झाली तेव्हा मी आणि हे त्याच नावाजलेल्या कंपनीने गेलो होतो. विमानात गरम टॉवेल दिला, काचेच्या पेल्यात रस दिला, सगळं खरं. पण त्याआधी तंजावरहून चेन्नईपर्यंत गाडीत बसून ह्यांचे पाय सुजले होते, तांबरमच्या पुढे वाहनांच्या रांगेत आमचा जीव टांगणीला लागला होता, आणि विमानतळावर पोचेपर्यंत मी इतकी दमले होते की तो गरम टॉवेल तोंडावर ठेवून झोपून गेले. मामंजींना तर दर तासाला लघवीला जावं लागतं. हायवेवर दर तासाला गाडी थांबवून एका म्हाताऱ्या माणसाला कुठे नेणार?

मी मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. नकाशा उघडून बसायची सवय आहे. तिरुचीचा विमानतळ आमच्या घरापासून तासाभरावर. तिथून स्वस्तातल्या एका कंपनीचं विमान क्वालालंपूरला जातं, आणि त्याच कंपनीचं दुसरं विमान तिथून मेलबर्नला. सामान परस्पर पुढे जातं. मला एवढंच पुरेसं होतं, पण मुलगी ऐकेना. तिने मला त्या कंपनीविषयी लोकांनी लिहिलेल्या तक्रारी पाठवल्या, एकामागून एक.

मी त्या सगळ्या वाचल्या. चष्मा पुसून, उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा. कुणी लिहिलं होतं की पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं. घेऊ. कुणी लिहिलं होतं की पांघरूण मिळत नाही. आमच्याकडे पांघरुणं आहेत. टीव्ही नाही म्हणून एकजण फार चिडला होता. मामंजींना टीव्ही ऐकूच येत नाही. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून भांडणाऱ्यांनी बॅगेचं घरी वजन केलं नव्हतं. एकच तक्रार मला खरी वाटली: ही कंपनी विमानांच्या वेळा बदलते. ती मी मनात बाजूला ठेवली.

आणि मग मला त्या कंपनीची एक गोष्ट सापडली, जी आमच्यासाठीच केल्यासारखी होती. जागा आपली आपण निवडायची, त्याचे थोडे पैसे द्यायचे. विमानाच्या चित्रात शौचालयाजवळच्या ओळी रिकाम्याच दिसत होत्या, कारण त्या कुणालाच नको असतात. मी दोन्ही विमानांत तिथल्याच तीन जागा घेतल्या. कडेची मामंजींची.

"शौचालयाशेजारी?" हे म्हणाले. "एवढ्या लांब जायचं ते शौचालयाशेजारी बसून?"

"तुम्हाला खिडकी हवी असली तर तुमची वेगळी काढते," मी म्हटलं.

मामंजींना बसणं झेपेल की नाही, ही शंका मलाही होती. म्हणून एका सकाळी मी जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत मांडल्या, पुढे स्टुलं ठेवली आणि जाहीर केलं की आता जेवणाच्या वेळेपर्यंत कुणी उठून पलंगावर जायचं नाही. शौचालयाला जायचं, परत येऊन इथेच बसायचं. ह्यांनी तासाभरातच कंबर दुखते म्हणून खुर्ची सोडली. मामंजी बसून राहिले. मधे दोनदा उठून आले, पायांची बोटं हलवली, स्टुलावर ठेवलेला दहीभात खाल्ला आणि बसल्या बसल्या घोरले. जागे झाल्यावर मला विचारलं, "आलं काय ते गाव?"

मी त्याच दुपारी तिकिटं काढली. चाकाच्या खुर्चीची मदत मागितली, तिघांची शाकाहारी जेवणं आधीच सांगून ठेवली. मुलीला फोन करून सांगितलं तेव्हा ती नुसतं "सरि, अम्मा" म्हणाली. तंजावरच्या मुलीने अशा आवाजात 'सरि' म्हटलं की त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा मुळीच नसतो.

निघायला काही आठवडे राहिले असताना कंपनीचा निरोप आला. तिरुचीचं विमान होतं त्याच वेळेला, पण पुढचं मेलबर्नचं विमान आता त्याच संध्याकाळी नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं. क्वालालंपूरला दुपारी उतरून रात्रभर थांबायचं. चालत नसेल तर पैसे परत घ्या, किंवा तारखा फुकट बदलून घ्या, असंही लिहिलं होतं.

मुलीचा फोन निरोपाच्या पाठोपाठ आला. "सांगितलं होतं की नाही? पैसे परत घे. मी चेन्नईचं बघते."

ह्यांनीही मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी माझाही धीर थोडा सुटला. अनोळखी देशात, ऐकू न येणाऱ्या माणसाला घेऊन एक रात्र काढायची. मी नकाशा पुन्हा उघडला, पण त्यात याचं उत्तर नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी एवढं चाललंय त्यांना आम्ही अजून विचारलेलंच नाही.

मामंजी ओसरीवर बसले होते. मी जवळ जाऊन त्यांच्या कानात मोठ्याने सगळं सांगितलं: विमान बदललं, एक रात्र मधे थांबावं लागेल, चालेल का.

"कुठे थांबायचं?"

"क्वालालंपूर. मलेशियात."

"मलाया?" ते सरळ होऊन बसले. "अगो, मलाया म्हणजे अण्णाचं गाव की."

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते जहाजाने मलायात गेले, रबराच्या मळ्यावरच्या तमिळ शाळेत मास्तर झाले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि एकदाच, आईच्या आजारपणात, तंजावरला येऊन गेले. पुढे तिकडेच वारले. त्यांची एक मुलगी तिथे आहे एवढं मला माहीत होतं, कारण पोंगल आणि दिवाळीला ह्यांच्या फोनवर तिचा फुलांचा फोटो यायचा आणि हेही उलट एक फुलांचा फोटो पाठवायचे. त्यापलीकडे चुलत भावाबहिणीचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

"गाडी चुकली तर आम्ही मायावरम जंक्शनला चटई टाकून निजत होतो," मामंजी म्हणाले. "एक रात्र काय ती. अण्णाच्या लेकीला कळव."

ह्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. "एकदम काय बोलायचं तिच्याशी?"

"तुम्ही येताय एवढं बोला," मी म्हटलं.

हे तमिळमधून बोलले. पलीकडून इतका मोठा आवाज आला की मामंजींनाही ऐकू गेला. त्यानंतर मी पैसे परत घेण्याचा विचार सोडून दिला. मुलीला कळवलं की आम्ही ठरल्याप्रमाणे येतोय, फक्त अर्धा दिवस उशिरा. विमानतळाला लागून असलेल्या हॉटेलात खोली घेतली.

प्रवासाविषयी फारसं सांगण्यासारखं काही नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणते आहे. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याने आम्हाला सकाळी तिरुचीला सोडलं. बॅगा वजनात बसल्या. विमान उडताना मामंजींनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि वर गेल्यावर सोडली. मग शौचालयाच्या दिव्याकडे बघत, ते मोकळं दिसलं की उठत, असे ते मजेत बसले. खिडकी आमच्या ह्यांनाच मिळाली होती. ओळ शौचालयाशेजारची असली म्हणून खिडकीला काय होतंय.

क्वालालंपूरला बाहेर आलो तर कठड्याला धरून एक बाई उभी होती. साठीची, आखूड केसांची, फुलाफुलांच्या झग्यातली, शेजारी तिचा उंच मुलगा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक पाहिल्यावर विचारायची गरज उरली नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मामंजींचं आणि तिचं नाक एकच होतं.

ती खाली वाकून त्यांच्या पाया पडली. "चित्तप्पा," काका, एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मामंजींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मराठीतून विचारलं, "जेवलीस काय गे?"

तिला मराठी येत नव्हती. पण तिने डोळे पुसत मान हलवली आणि तमिळमधून म्हणाली, "असं माझे अप्पा म्हणायचे. रोज शाळेतून आले की हेच म्हणायचे. मला वाटायचं हा त्यांचाच काहीतरी शब्द आहे."

हे माझ्या मागे उभे होते. नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

संध्याकाळ हॉटेलच्या खोलीत गेली. तिने डब्यातून तांदळाच्या शेवयांचे इडिअप्पम आणले होते, तिच्या मुलाने मामंजींना आपल्या फोनवर अण्णांचे फोटो मोठे करून दाखवले. मळ्यावरची शाळा, पांढरी पँट, मागे उंच झाडं. मामंजी प्रत्येक फोटोला काही ना काही नावं ठेवत होते. बारीक झाला. पँट आखूड. हा फोटो कुणी काढला, डोकं अर्धंच आलंय. ते असं बोलायला लागले म्हणजे अगदी आनंदात असतात. निघताना तिने ह्यांना दम भरला, "येताना दोन दिवस राहायचं. हॉटेलात नाही. माझ्या घरी."

मेलबर्नला मुलगी घ्यायला आली ती चेहरा कडक करून. मामंजी चाकाच्या खुर्चीतून आपणहून उठले आणि चालत तिच्याकडे गेले. मग तिचा चेहरा बदलला. ते विमानात छान झोपले होते, ताजेतवाने होते. नात आईच्या मागे लपली होती. मामंजींनी तिला जवळ बोलावून आपला कान पुढे केला. तिने त्या कानाशी तोंड नेऊन इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं. ते सगळं ऐकून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं, तिचा दात पडलाय. पुढचे कितीतरी दिवस हा कार्यक्रम चालला. ती बोलायची, ते ऐकायचे, मधे मी. नंतर नंतर माझी गरज कमी झाली.

परतायच्या आधी एका दुपारी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. कंपनीने तारखा बदलायची मुभा दिली होती, ती परतीच्या तिकिटालाही लागू होती. "अम्मा, मधे दोन दिवस पुरतील की तीन ठेवू?" तिने विचारलं. मी तीन म्हटलं. ती जागा निवडायला लागली तेव्हा शौचालयाजवळच्या ओळीपाशी येऊन न विचारता थांबली.

अण्णांच्या मुलीचं घर क्वालालंपूरपासून थोडं दूर, पुढे छोटंसं अंगण आणि अंगणात कढीपत्ता. पहिल्या दिवशी जेवायला तिने बरंच काही केलं होतं, आणि शेवटी एक वाडगा आणून मामंजींपुढे ठेवला. दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वर मोहरी-हिंगाची फोडणी.

"याला आमच्याकडे टांगर म्हणतात," ती म्हणाली. "शेजारी कुणी करत नाही. अम्माला अप्पांनी शिकवलं, अम्माने मला."

"डांगर," मामंजी म्हणाले.

"टांगर."

"डां-गर." त्यांनी बोटाने चाखून पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी पुन्हा चाखलं, डोळे मिटले आणि वाडगा आपल्याकडे ओढून घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि मी त्याचं तमिळ करून सांगायच्या आधीच ती उठून मीठ आणायला गेली.