भरताच्या वांग्यातले सहा बोल्ट

या, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखं काय टेकायचं? आणि तो फोन आधी पालथा ठेवा बरं. मी बोलत असते आणि तुम्ही बोटाने त्याला गोंजारत बसता, हे मला मुळीच चालत नाही. इतक्या महिन्यांनी जळगावची आठवण झाली, तर आता आमच्या नंदोईंची गोष्ट ऐकल्याशिवाय उठायचं नाही. नंदोई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे, अक्कांचे यजमान. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. तापीच्या अलीकडे-पलीकडे एवढी माणसं राहतात, पण पाण्याच्या पंपावर इतकी माया करणारा माणूस देवाने एकच घडवला आणि तो आमच्या वाट्याला आला, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी सगळी नोकरी पंपांवर काढली आणि निवृत्त होऊन धुळ्याला घर बांधलं. ते निवृत्त झाले, पण पंप काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त झाले नाहीत. खिशात पेन असावं तसा त्यांच्या खिशात लांब पेचकस असतो. त्याचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुलर, मिक्सर, पिठाची गिरणी, कोणाचीही नाडी ते अशी पाहतात. एकदा दुपारी आमचे हे घोरत पडले होते, तर त्यांच्या छातीलाही पेचकस लावून "वहिनी, बेअरिंग ठीक आहे, फक्त हवा धरली आहे," असा निकाल दिला. शिंदखेड्याला एका लग्नात पंगत बसली, ताटात वरणबट्टी पडली, तूप पडलं, आणि नंदोई एकदम ताठ झाले. मागच्या बाजूला मोटार चालू होती म्हणे. "कोरडी चालते आहे, जळेल!" एवढं बोलून जे उठले ते अर्ध्या तासाने गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले. तोवर पंगत उठली होती. पण चेहरा असा उजळलेला की नवरदेवाला वाटावं, लग्न यांचंच लागलं.

आणि त्यांची लाल कार्डं! केंद्रात कुठलंही मशीन उघडण्याआधी त्यावर लाल कार्ड लटकवत आणि वहीत सही घेत. तोच कायदा घरात. मिक्सरचं भांडं अडकलं तरी आधी कार्ड, मग अक्कांची सही, मग हात. कार्ड ज्याने लावलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने शिवायचं नाही. एकदा मी धुळ्याला गेले, तर न्हाणीच्या नळावर कार्ड, 'काम चालू आहे, सुरू करू नये', आणि नंदोई वायसर आणायला बाजारात. तिथे दुकानदाराला पंपाविषयी सांगत बसले. मी खांद्यावर टॉवेल टाकून बारा वाजेपर्यंत ओसरीवर बसून होते. मी अक्कांना म्हटलं, "काढा की हो ते कार्ड!" तर त्या म्हणाल्या, "नको वहिनी, मी सही करेल शे." सही केली म्हणजे केली!

आता गाडीचं सांगते. त्यांची एक पांढरी जुनी गाडी आहे. अक्कांचे गुडघे असे की एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा नंदोई त्यांना गाडीत घालून धुळ्याहून जळगावला आणून सोडत. दोन दिवस आम्ही नणंद-भावजय निवडत, सोलत, आणि बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या गावाची उणीदुणी काढत बसायचो. त्या दोन दिवसांवर मी महिना काढायचे. पण गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात पारोळ्याजवळ गाडीने वाफ सोडली आणि बसली. वॉटर पंप गेला होता. नाशिकहून त्यांच्या लेकाचा फोन आला, "नाना, पुरे झालं आता. नरडाण्याचा एक जण गाडी बघायला घेऊन येतो, रविवारी पाचला." नंदोई म्हणाले, "पंप मी घरी बसवतो. पाचला गाडी सुरू करून नरडाण्यापर्यंत नेऊन आणतो. इंजिनाच्या गरमीचा काटा चढला तर गाडी तुझी, नाही चढला तर माझी." लेक कबूल झाला. अक्का मात्र सारखं "विका एकदा ते डबडं" म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, गाडी गेली की अक्का माझ्या घरी येणार कशा?

म्हणून मीच उठले. भरताची चांगली हिरवी, लांबडी वांगी पिशवीत भरली आणि रविवारी सकाळी एसटीने धुळे गाठलं. म्हटलं, पाहुण्याला भरीत खाऊ घालू, बोलण्यात गुंतवू, काहीतरी करू. अंगणात गाडीचं तोंड उघडं, स्टिअरिंगला लाल कार्ड, आणि नंदोई कंबरेपर्यंत आत. पाणी काढून झालं होतं, पट्टा उतरला होता. मला पाहताच लहान मुलासारखे ओरडले, "वहिनी, अगदी वेळेवर आलात, निघाला!" आणि नारळाएवढा पंप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "हे छिद्र बघा, इथून रडत होता बिचारा. आणि हे चाक हलवा. हललं? म्हातारीच्या दातासारखं!" मी हलवलं. खरंच हललं. खोटं कशाला सांगू, मलाही एकदम चेवच आला. मी पदर खोचला आणि विचारलं, "आता पुढे काय?"

पुढे जुनी चिकटलेली पॅकिंग खरवडायची होती, ती त्यांनी तासभर खरवडली, आणि मी आत भाकरीच्या तयारीला गेले. मधल्या वेळात काय घडलं ते मला नंतर कळलं. पंपाचे सहा बोल्ट, तीन लांब, तीन आखूड. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड तडकतं आणि इंजिनच संपतं. म्हणून नंदोई नेहमी बोल्ट निघतील तसे त्याच मांडणीने पुठ्ठ्यात खोचून ठेवतात. त्या दिवशी पुठ्ठा तेलात भिजलेला, आणि हाताशी माझी पिशवी. त्यांनी त्यातलं सगळ्यांत मोठं वांगं घेतलं, सहाही बोल्ट त्यात डोक्यापर्यंत खोचले आणि वांगं अंगणातल्या ओट्यावर ठेवून दिलं.

माझा चष्मा राहिला फ्रिजवर. वांगी न्यायला मी बाहेर आले, पाहिलं, वाटलं अक्कांनी लसणीच्या पाकळ्या टोचून ठेवल्या आहेत. उचललं तर जड लागलं. बियांचं निघालं वाटतं, म्हणून मी त्या वांगीवाल्याला दोन शब्दही ऐकवले. परसात पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ पेटलेला होताच. सगळ्यांत आधी तेच घातलं.

वांगी भाजून मऊ झाली, बोल्ट पार आत रुतले, मी बिनचष्म्याने सोलून काठवटीत टाकली. अक्कांनी मुसळी उचलली आणि पहिल्याच घावाला टण् झालं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, ह्या वांगामां हाड शे का?" आणि नेमका त्याच वेळी अंगणातून आवाज आला, "वहिनी, ओट्यावरचं ते वांगं आणा, पंप बसवायचा!"

काठवट तशीच उचलून मी त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. ते काठवटीकडे बघत राहिले, भरिताकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस मला जन्मात माफ करणार नाही. चार वाजायला आलेले. पण ते शांतपणे म्हणाले, "दोष माझा आहे. मी वांग्यावर कार्ड लावलं नव्हतं."

मग काय सांगू तुम्हाला! तिघांनी मिळून भरीत चिवडलं. पाच बोल्ट मिळाले. सहावा मी राख चाळून काढला, निळा पडलेला. पण कुठला लांब कुठे आणि आखूड कुठे, ती मांडणी तर मुसळीखाली गेली होती. नंदोई म्हणाले, "भोकांची खोली मोजायला बारीक काही मिळेल का?" मी तार शोधायला धावले. तोवर अक्कांनी, सकाळपासून 'डबडं' म्हणणाऱ्या अक्कांनी, अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातात ठेवला. केस पाठीवर मोकळे पडले होते. तशाच त्या गाडीच्या तोंडाशी पाटावर बसल्या आणि एकेक भोक मोजलं की सांगू लागल्या, "हाई लांबनं. हाई आखूडनं." नंदोई जरा जास्त आवळू लागले तर भाजलेले बोल्ट तुटतील म्हणून वर दम दिला, "हळू, भाजेल शेत ते!" तेव्हा मला उमगलं, त्या गाडीची किंमत घरात कोणाला सगळ्यांत जास्त आहे.

पाचला लेक आला, नरडाण्याचे गृहस्थ आले. नंदोईंनी कार्ड काढलं, वहीत वेळ लिहिली आणि किल्ली फिरवली. पाच जण गाडीत बसलो. महामार्गाला लागलो, सगळ्यांच्या नजरा काट्यावर. काटा निम्म्यापर्यंत आला आणि शहाण्यासारखा तिथेच बसला. नरडाणं आलं, वळलो, तरी हलेना. फक्त गाडीभर भाजलेल्या वांग्याचा खमंग वास सुटला. नरडाण्याचे गृहस्थ नाक वर करून म्हणाले, "नाना, गाडीचं तुमचं तुम्ही बघा. पण हा वास कशाचा शे? भूक लागनी राव!" लेकाला हसू आवरेना. घरी परतलो, बोल्टची गोष्ट सांगितली, आणि त्या गृहस्थांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी भरिताशी खाल्ल्या. प्रत्येक घास आधी दाताखाली तपासून. गाडी त्यांनी काही मागितली नाही.

त्यानंतर अक्का वर्षभर महिन्याच्या महिन्याला आल्या. आता येत नाहीत. नंदोईंच्या डोळ्यांना कमी दिसतं, डॉक्टरांनी महामार्ग बंद केला. स्वतःच्या हाताने त्यांनी स्टिअरिंगला लाल कार्ड लटकवलं आणि वहीत सही केली. गाडी आहे तशी आहे. रविवारी सकाळी ते कार्ड काढतात, गाडी जागच्या जागी सुरू करतात, शेजारच्या सीटवर अक्का बसतात, आणि मला फोन लागतो. फोन इंजिनापाशी धरून म्हणतात, "ऐका वहिनी, थेंब गळत नाही अजून. ऐकू येतं ना?" मला नुसती घरघर ऐकू येते. मी म्हणते, "येतं हो नाना, अगदी स्वच्छ." मग मी कधी येणार म्हणून पलीकडून अक्का विचारतात, "कवय येशी वं?"

आता वांगी निघू लागली आहेत. मी पिशवी काढून ठेवली आहे. एसटीची पायरी मला अजून चढवते, तोवर जाऊन येते. तुम्हीही या ना बरोबर. पुढच्या रविवारी सकाळी लवकर या, गाडी सुरू व्हायच्या आधी पोहोचायला हवं.