स्क्रूवरचा लाल ठिपका

काम संपलं की चाचा खिशातून नेलपॉलिशची बाटली काढायचे. चाचींचीच, लालभडक. नुकत्याच आवळलेल्या स्क्रूवर एक ठिपका द्यायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "झालं. आता कोनी हात लावला तं मले कयते."

साठी उलटलेला माणूस, हातावर ऑइलचा काळा थर, आणि त्या हातात नखांचा रंग! आम्ही हसायचो. ते हसत नसत. तुम्हीही पुष्कळ मेकॅनिक पाहिले असतील, पण दारव्ह्यातल्या चाचांच्या गॅरेजमधून ठिपक्याशिवाय गाडी बाहेर पडत नसे.

माझी गाडी वीस वर्षांची म्हातारी. स्पीडब्रेकर आला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की बंद. चाचांनी बॉनेट उघडून समजावलं होतं. पाय किती दाबला ते इंजिनाला सांगणारा एक सेन्सर असतो, तो जागेवरून सरकलाय. आधी मीटर लावून तो जागेवर आणायचा, मग आयडलचा स्क्रू, म्हणजे पाय उचलल्यावरही इंजिन फिरतं ठेवणारा. नुसता स्क्रू फिरवला तर गाडीला वाटत राहतं, पाय अजून दाबलेलाच आहे.

त्या दिवशी मला दिग्रसला लग्नाला जायचं होतं. चाचा म्हणाले, वीस मिनिटं द्या. मी म्हणालो, स्क्रूच फिरवून द्या, बाकी मग बघू. आपल्याकडची लग्नं कधी वेळेवर लागलीत? पण मी घड्याळ दाखवत राहिलो. शेवटी त्यांनी स्क्रू फिरवला. गाडी घुमायला लागली. बाटली मात्र खिशातच राहिली.

"ठिपका नाही देल्ला, सर. काम बाकी हाये. उद्या या."

कसलं उद्या! गाडी चालत होती, मी गेलोच नाही. पुढे दीड महिना मी गॅरेजवरून गेलो की चाचा दोन बोटं वर करायचे. सेन्सरचे दोन स्क्रू. गाडी अधूनमधून पुन्हा बंद पडायला लागली, तरी मी हात हलवून निघून जायचो. इतका निर्लज्ज मी.

मग एका दुपारी गॅरेजसमोर चाचींनी माझी गाडी अडवली. चाचा बाकावर छाती धरून बसले होते, घामानं चिंब. गावातल्या डॉक्टरांनी लगेच यवतमाळला हलवा म्हटलं होतं आणि समोर गाडी होती ती माझीच.

पहिल्या गावाच्या ब्रेकरवर ती बंद पडली. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर पडली ती सुरूच होईना. मी चावी फिरवतोय, चाची माझ्याकडे बघताहेत. कशीबशी सुरू झाली तेव्हा मागून चाचांचा आवाज आला, अगदी बारीक.

"पाय काढू नोका, सर. क्लच दाबा, रेस राहू द्या."

तेवढंच बोलले. मी पाय काढला नाही. यवतमाळ जवळ आलं तेव्हा चाची कलमा पुटपुटायला लागल्या. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही.

दहा मिनिटं आधी आलो असतो तर चाचा वाचले असते का, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाचींनी मला अजूनपर्यंत काहीच विचारलेलं नाही. त्यांनी एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा यवतमाळच्या एका मेकॅनिककडून सेन्सर नीट बसवून घेतला. मी घड्याळ लावून बघत होतो. अठरा मिनिटं लागली.

गाडी आता पाय उचलला तरी शांत चालू राहते. "झालं, सर," तो म्हणाला. मी बॉनेट धरून तसाच उभा राहिलो.

"अजून काही बाकी हाये का?" त्यानं विचारलं.

सेन्सरचे दोन्ही स्क्रू कोरे होते. काही नाही म्हणालो आणि बॉनेट लावून टाकलं.