‘जातो’ म्हणणारा माणूस

आईच्या वेताच्या खुर्चीची बैठक सैल झाली की तो बेसा गावाहून सायकलवर यायचा आणि अंगणात मांडी घालून विणायला बसायचा. वेत ओढताना जीभ दातांत धरायचा. चहा आला की आधी उठून उभा राहायचा, मग कप घ्यायचा. हे काम जेलात शिकलो, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी बिचकलो. आईनं त्याच्या चहात साखर वाढवली.

तिला खटकायचं ते वेगळंच. निघताना तो ‘जातो’ म्हणायचा.

“जातो म्हणू नये गा, येतो म्हणावं!”

“माय, जेलातून सुटताना येतो म्हटलं का माणूस परत आत येते, असं तिथं मानतेत. तोंडाले तेच लागलं.”

शिक्षेबद्दल मी एकदाच विचारलं. वेत न सोडता तो म्हणाला, “हाताले काम आलं तवाच मी सुधरलो होतो, भाऊ. पुढची इतकी वर्षं काहून ठेवलं, ते मले अजून नाही समजलं.”

आई गेली. तिच्या खुर्चीत आता कोणी बसत नाही, तरी बैठक सैल झाली म्हणून परवा त्याला फोन केला.

“शुक्रवारी नाही जमत, भाऊ. जेलातल्या पोट्ट्यायले विणणं शिकवून राहिलो.”

“मग तिथून निघताना काय म्हणता?” मी हसत विचारलं.



“तिथं येतो म्हणतो. पोट्टे वाट पाहतेत ना.”