गच्चीवरचं लोखंडी झाकण

आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रेडिओपायी घर सोडायचं ठरवलं.

सासूबाई गेल्यापासून बाबांचं बोलणंच आटलं होतं. जन्मभर पोलादाच्या प्लँटमध्ये यंत्रांच्या वरताण ओरडून बोललेला हा माणूस, आता "चहा घेता का?" विचारलं तर नुसती मान हलवायचा. सकाळी सॅटेलाइट रेडिओवर मराठी भजनं लागली की तेवढ्यापुरते ते उठून बसत. भिलाईत साध्या रेडिओवर मराठी कुठून लागणार? म्हणून सासूबाईंनीच हट्ट करून तो घ्यायला लावला होता. मग शेजारच्या कोचिंग क्लासवाल्यांनी एक मजला चढवला. बाबांच्या खिडकीतलं आभाळ गेलं, आणि आभाळाबरोबर भजनंही गेली.

"नागपूरले जातो," बाबा जेवताना म्हणाले. "पोरीकडे. तिथं साध्या रेडिओवर मराठी लागते. रविवारचं तिकीट काढून आणा."

सासूबाई गेल्यानंतरचं त्यांचं सर्वांत लांब भाषण, आणि तेही आम्हाला सोडून जाण्याचं!

मी रडत बसणाऱ्यांतली नाही. खिडकीतला ॲन्टेना गच्चीवर न्यायचा, तोही रविवारच्या आत, एवढंच मी ठरवलं. रेडिओ कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की त्याचं तोंड आग्नेयेकडे करा आणि आड काही येऊ देऊ नका. (आग्नेय ही स्वयंपाकघराची दिशा, त्यामुळे सगळी सूत्रं मी हातात घेतली.)

ॲन्टेना म्हणजे बशीएवढी चपटी डबी. ती मी कपडे वाळत घालायच्या खांबाला नाडीने बांधली.

"आला का आवाज, बाबा?"

"नाही!"

"आता?"

"थोडं डावीकडे!"

"आता?"

"आला! आला! ... गेला!"

वारा आला की डबी मान फिरवायची. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, नाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अवं, याले स्टँड पायजे." प्लँटच्या मेंटेनन्समधला माणूस 'स्टँड' म्हणतो तेव्हा जपून राहावं. जवळच्या कुम्हारी गावातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टँड टेम्पोत बसून आला! तो वर चढवायला गल्लीतले झाडून सगळे पुरुष लागले.

"अहो, यावर ॲन्टेना ठेवायचा आहे की पाण्याची टाकी?"

"मजबुती पायजे ना!"

हत्तीवर माशी बसावी तसा ॲन्टेना त्याच्यावर बसला. पण आवाज लख्ख आला. बाबांनी डोळे मिटून भजन ऐकलं. इथे थांबायला हवं होतं.

पण मी व्यवहारी बाई. वर प्लँटची धूळ येते, माकडं येतात, कधी गारा पडतात. एवढी नाजूक वस्तू उघडी कशी ठेवायची? मी त्याच वर्कशॉपमधून झाकण करून आणलं. जाड पत्रा, बिजागरी, कडी, सगळं व्यवस्थित! कल्पना संपूर्ण माझी. (हे नंतर नाकारायचीही सोय उरली नाही, कारण गल्लीभर सांगून झालं होतं.)

दुसऱ्या दिवशी रेडिओ मुका. यांनी केबल बदलली. मी कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं, "आधी तुमचा उपग्रह जागेवर आहे का ते बघा!" शनिवारी सकाळी बाबांनी बॅग काढली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, कठड्याला धरून ते गच्चीवर आले. झाकणावर बोटांनी टकटक केलं, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"वेल्डिंग झकास आहे," म्हणाले, आणि खाली जाऊन सदऱ्यांच्या घड्या घालू लागले.

दुपारी मी फडकं घेऊन वर गेले. निदान ॲन्टेना तरी पुसावा. झाकण उघडलं.

"आला!" खालून बाबा ओरडले.

मी पुसलं. झाकण लावलं.

"गेला!"

पुन्हा उघडलं.

"आला! काय करून राहिली सूनबाई?"

"पुसून राहिली बाबा! धूळ आहे!"

मी आणखी जोर लावून पुसलं. कडी लावली. गेला! तोवर हे वर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं आणि मयताला आल्यासारख्या हळू आवाजात म्हणाले, "अवं, लोखंडातून कसा येईल आवाज?"

लोखंडाच्या गावात आयुष्य गेलेली आम्ही तीन माणसं. तिघांनीही त्या झाकणाचं कौतुक केलं होतं.

झाकण निघालं. बाबांनी खालून हाक दिली, "तिकीट वापस करून ये रे!"

आवाज आता कधीच जात नव्हता. घर पुन्हा शांत झालं. भजन, चहा, मान हलवणं. आणि मग एका संध्याकाळी, ऐन फोडणीच्या वेळी, हाक आली, "सूनबाई! आवाज गेला!"

मी वर पळाले. ॲन्टेना जागच्या जागी.

"आला का बाबा?"

"नाही! थोडं डावीकडे!"

हे रोज होऊ लागलं. एकदा मी पावलं न वाजवता खाली आले, तर रेडिओची वायर काढून बाबांच्या मांडीवर ठेवलेली. आणि बाबा छताकडे बघून, पूर्वीच्या त्या प्लँटमधल्या आवाजात ओरडत होते, "अजून थोडं!" मी आल्या पावली परत वर गेले. त्या दिवशी भाजी करपली.

पुढे ती रेडिओ कंपनीच बंद पडली. बाबांनीच पेपरमधली बातमी मला वाचून दाखवली. त्याच संध्याकाळी हाक आली, "सूनबाई! आवाज गेला!"

मी गॅस बंद केला, गच्चीवर गेले आणि ॲन्टेनाला हातही न लावता ओरडले, "आला का बाबा?"

"थोडं डावीकडे!"

आणि मी, गल्लीतली सर्वांत व्यवहारी बाई, थोडी डावीकडे सरकले.