दुसऱ्या घंटीचा माणूस

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! एका प्रयोगशाळेत तीन माणसं, चार बेडूक आणि हाकेच्या अंतरावर एक घंटी ठेवा; पाच वर्षांत पोतं भरतं. आमचं पोतं सत्तरच्या दशकातलं, वाशीमच्या कॉलेजातलं. प्राणिशास्त्राचे प्रमुख ठोंबरे सर, मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, आणि शिपाई सुखदेवभाऊ. हे अनसिंगचे, सात वर्षांपासून टेम्पररी!

*

सर उन्हाळी कोर्सला नागपूरला गेले आणि मेंदूचं वेड घेऊन आले. "हिप्पोकॅम्पस! दिसतो समुद्रघोड्यासारखा, आठवणी तिथून जातात. पण दोन पेशींच्या सांध्यावर प्रत्येक निरोप पुढे जात नाही. काही सांधे एकट्या निरोपाला भीकच घालत नाहीत. लागोपाठ दुसरा आला की त्याला वाट देतात. काही पहिल्यालाच उडी मारतात, मग दमतात. आणि थोड्याच वेळात सगळं विसरून पुन्हा होते तसे! चाळणी आहे, चाळणी!"

वर्गात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेत येईन काय?"

"नाही."

पन्नास पेनं एकदम खाली!

"बघा," सर आनंदाने ओरडले, "चाळणी!"

*

प्राचार्यांच्या टेबलावर घंटी होती, बाहेर व्हरांड्यात स्टुलावर सुखदेवभाऊ. घंटी एकदा वाजली की हे ढिम्म! मी म्हटलं, "भाऊ, काहून उठत नाही?"

"एकदा वाजली तं सायबाचा हात लागला असन. लागोपाठ दोनदा वाजली तं काम असन."

"आणि थांबून थांबून दोनदा वाजली तर?"

"तं दोन खेपा हात लागला असन!"

सरांनी हे ऐकलं आणि धावत येऊन भाऊंना मिठीच मारली. "अहो, माझा हिप्पोकॅम्पस इथे स्टुलावर बसलाय आणि मी नागपूरला कशाला गेलो!"

भाऊ मला हळूच म्हणाले, "सरची तब्येत बरी हाय ना?"

*

सर स्वतः मात्र दुसऱ्या जातीचे. वहिनींनी जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला ताडकन उभे, "आलो आलो!" मग पुस्तक हातात तसंच. दुसऱ्या हाकेला नुसतं "हं". तिसरी ऐकूच येत नसे. वर वहिनींना समजावणं, "माझे सांधे लवकर दमतात गं. विश्रांती मिळाली की पुन्हा ताजे होतात."

"असं का?" वहिनी म्हणाल्या. "मग एक हाक मारून झाली. आता पुढची उद्या!"

त्या दिवशी सरांनी आमच्याकडे येऊन भाकर खाल्ली.

*

एकदा सरांनी सहा पोरं रांगेत उभी करून मेंदूच बांधला. नियम सोपा: पाठीत एक टोचा आला तर गप्प, लागोपाठ दोन आले तर पुढच्याला टोचायचं. तिसरा होता धनजचा रामेश्वर. एकच बोट लागलं आणि तो किंचाळत पुढच्याला धडाधड टोचत सुटला! पुढचे तिघं एकमेकांवर, शेवटचा बेडकांच्या टबात!

"पाहिलं?" सर नाचायचे बाकी होते. "चाळणी फाटली की मेंदूत हेच होतं!"

"चाळणी नाई सर, मले गुदगुल्या होतेत!"

*

मग दोन-दोनदा घंटी वाजवून वैतागलेल्या प्राचार्यांनी फर्मान काढलं: "शनिवारी सकाळी मी एकदा घंटी वाजवणार. सुखदेव आला तर परमनंट, नाही आला तर घरी."

आमचा जीव टांगणीला! भाऊंच्या घरी तीन लेकरं, दुसरी कमाई नाही. पाच दिवस सरांनी कामधाम सोडून वाटी-चमच्याने तालीम घेतली. एक टिंग, की भाऊ उभे. शनिवारी सकाळी आतून टिंग! भाऊ असे धावले की चप्पल व्हरांड्यातच राहिली. प्राचार्य खूश! ऑर्डर टाईप करायला दिली. मी तर सरांच्या गळ्यात पडून रडलो.

दुपारी ऑर्डरवर सही झाली आणि ती द्यायला प्राचार्यांनी घंटी वाजवली. टिंग!

भाऊ स्टुलावर. ढिम्म!

मी खिडकीतून हातवारे केले. सरांनी बाकावर चढून वाटी बडवली. "अहो भाऊ, उठा! तुमची ऑर्डर आहे!"

भाऊंनी शांतपणे तंबाखू मळत आमच्याकडे पाहिलं.

"कायले बोंबलून राह्यले सर? परीक्षा तं सकाळीच झाली. आता खरंच ऑर्डर असन, तं पुन्हा वाजवतीन ना!"

आणि आतून आवाज आला: टिंग-टिंग!