दोष आढळला नाही

शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली सहा साताऱ्याला. हुद्दा ऐकायला बरा होता, सर्व्हिस अॅडव्हायझर. काम एवढंच, की सकाळी दारात उभं राहून गाडीवाल्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, ते जॉबकार्डावर आपल्या भाषेत उतरवायचं आणि संध्याकाळी गाडी परत देताना त्याचं समाधान झालंय अशी त्याच्याकडूनच सही घ्यायची. हातात पाना धरायची वेळ क्वचित यायची, त्यामुळं अंग दुखायचं नाही. पण घरी गेल्यावर बोलायची इच्छा उरलेली नसायची. बायको काही विचारायची आणि मी नुसती मान हलवायचो.

तेव्हा आमच्याकडं पिकअप खूप खपायच्या. माणमधले डाळिंबवाले न्यायचे, जावळीतले दूधवाले न्यायचे. त्यातलीच एक म्हसवडजवळच्या एका निवृत्त फौजींची. फौजेत कुठल्याही हुद्द्यावर असलेला माणूस गावी परतला की आमच्याकडं मेजरच होतो, तसे हेही मेजर. सगळी नोकरी त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात घालवली होती. आता डाळिंबाची बाग होती आणि माल साताऱ्याला आणायला ही पिकअप.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं. "वळणाला स्टेअरिंग धरतंय."

"म्हणजे जड होतंय का?"

"जड न्हाई. जड आसतं तर जोर लावला आसता. निम्मं वळतंय आन् आडतंय. मग एकदम सुटतंय."

आमच्या मिस्त्रीनं गाडी हायवेवर नेली, पुलाखालून वळवून परत आणली. "काही नाही," म्हणाला. मी जॉबकार्डावर लिहिलं, 'चाचणी घेतली, दोष आढळला नाही.' मेजरनी ते शांतपणे वाचलं आणि सही केली. मला वाटलं, विषय संपला.

वीसेक दिवसांनी ते पुन्हा दारात. त्या वेळी चाकांचं अलाइनमेंट करून दिलं. तिसऱ्या वेळी हवा तपासली आणि जास्त माल भरता का म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "गाडी जेवढी सांगती तेवढाच भरतो. फौजेत जास्त भरला तर कोर्टमार्शल व्हायचं." ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

प्रत्येक खेपेला त्यांची बायको बरोबर असायची. गाडी आत गेली की त्या ग्राहकांच्या खोलीत, टीव्हीकडं पाठ करून, पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा मी म्हणालो, "काकी, एवढ्या लांब कशाला येता दर वेळी? थकत नाही का?"

"थकते की. पर एकटं आसताना गाडी कुठं गेली खाली, तर सांगायला कोण आसंल? घरात बसून वाट बघण्यापरीस हे बरं."

मी चहा मागवला आणि कामाला लागलो.

चौथ्या की पाचव्या वेळी आमच्या मॅनेजरसाहेबांनीच मेजरना समोर बसवलं. "काका," ते गोड आवाजात म्हणाले, "वय झालं की हातात पहिल्यासारखी ताकद राहत नाही. माझ्या वडिलांचंही असंच झालंय."

मेजरच्या मागं उभ्या असलेल्या काकी बोलल्या, "आवं सायेब, हात तेंचं चांगलं हायती. मी शेजारी बसते, मला दिसतंय काय हुतंय ते."

साहेब हसले. मी खाली बघून कार्डावर तारीख घातली.

त्यानंतर मेजरनी कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवली. फोनवरच्या मुलीनं त्यांना तक्रारीचा क्रमांक दिला, लवकरच संपर्क होईल म्हणून सांगितलं. ती तक्रार कुठं गेली असेल? दुसऱ्या दिवशी ती माझ्याच टेबलावरच्या संगणकावर आली. वरच्या लोकांची एकच घाई, तक्रार दोन दिवसांत बंद झाली पाहिजे. मी 'ग्राहकाशी बोलणे झाले' असं लिहून ती बंद केली. मी बोललो नव्हतो. मग चार दिवसांनी मेजरचाच फोन आला.

"सायेब, माझी तक्रार मिटली आसा मेसेज आलाय. कुणी मिटवली वो?"

मी म्हणालो, "सिस्टीममध्ये आपोआप होतं ते."

मग ते म्हणाले, "तुमी लोकं गाडी रिकामी चालवताय. भरल्याली चालवा. तापू द्या तिला. एकदा माझ्याबरोबर बसा."

मी साहेबांना विचारलं. ग्राहकाच्या मालासकट चाचणी घ्यायची नाही, तसा नियमच नाही, ते म्हणाले. शेवटी मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं म्हसवडला गेलो. यात काही मोठेपणा होता असं कुणी समजू नये. मला त्यांचं येणं नकोसं झालं होतं. एकदा बरोबर बसावं, काही नाही हे त्यांच्या तोंडावर सांगावं आणि मोकळं व्हावं, एवढाच माझा विचार होता.

दुपारी डाळिंबाचे क्रेट भरून, दोर आवळून आम्ही निघालो. काकी गाडीकडं यायला लागल्या तसं मेजर म्हणाले, "आज तू ऱ्हा." काकींनी पाण्याची बाटली खिडकीतून माझ्या हातात दिली आणि दारातच उभ्या राहिल्या.

मेजर गाडी सुंदर चालवत होते. खड्डा आला की आधीच वेग कमी, कुणाला कट नाही, उगाच हॉर्न नाही. गोंदवलं गेलं, दहिवडी गेली, काहीही झालं नाही. पुसेगावला चहा घेतला. तोवर माझी खात्रीच पटली होती. त्यांना कोणत्या शब्दांत सांगावं, याची जुळवाजुळव मी मनात सुरू केली होती.

पुसेगाव सोडल्यावर वर्धनगडचा घाट लागतो. चढ संपला, कोरेगावच्या बाजूला उतार सुरू झाला. पहिलं वळण नीट गेलं. दुसरं डावीकडचं होतं. मेजरनी स्टेअरिंग वळवायला घेतलं, ते अर्ध्यात आलं आणि थांबलं. त्यांच्या दंडाच्या शिरा ताठ झालेल्या मी पाहिल्या. चाक हलेना. गाडी वळण सोडून सरळ रस्त्याच्या उजव्या अंगाला निघाली आणि समोरून एसटी चढत येत होती.

"धरा," ते एवढंच म्हणाले.

त्यांनी ब्रेक दाबला, हॉर्नवर हात ठेवला. एसटीवाला थांबला. आणि त्याच क्षणी स्टेअरिंग सुटलं, इतकं एकदम, की गाडी झटक्यानं डावीकडं फिरली, डोंगराच्या कडेच्या चरात पुढचं चाक गेलं आणि दरवाजा दगडाला घासत आम्ही उभे राहिलो. माझं कपाळ समोर आपटलं. मागं क्रेट एकमेकांवर आदळले, काही डाळिंबं रस्त्यावर घरंगळत गेली.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, शिव्या द्यायच्या तयारीनं. मेजरचा चेहरा बघून नुसता विचारून गेला, "लागलं का कुणाला?"

मेजरनी इंजिन चालूच ठेवलं होतं. ते म्हणाले, "आता तुमी धरा."

मी बाजूनं हात घालून स्टेअरिंग फिरवलं. अर्ध्यावर ते माझ्याच तळहाताखाली अडलं. जोर लावला, हललं नाही. आणखी लावला, तसं खटकन सुटलं. सगळी जॉबकार्डं मीच लिहिली होती. ते दोघं या घाटातून कितीदा असे गेले असतील, हे मी मोजायला गेलोच नाही.

"आता लिवाल?" मेजरनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"लिहितो," मी म्हणालो.

गाडी टेम्पोला बांधून साताऱ्याला आणली. मिस्त्रीनं स्टेअरिंगपासून खाली जाणारा दांडा खोलला. त्यात एक सांधा असतो, त्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात. त्याचं सील नीट बसलेलंच नव्हतं, आत पाणी जाऊन तो गंजला होता. थंड असताना चालायचा, गाडी मालासकट चढ चढून तापली की धरायचा. मिस्त्रीनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "हे पहिल्या दिवसापास्नंच आसं आसणार. मी खोलायला पायजे हुतं."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "झिजलेला भाग बदलला, असं लिही. बाकी काही नको."

"मी गाडीत होतो, साहेब."

ते खुर्चीत मागं टेकले. त्यांचे डोळे जागरणानं सुजल्यासारखे दिसत होते. "अरे, वरचे मला विचारतात, देशभर एवढ्या गाड्या चालतात, बिघाड तुमच्याच साताऱ्यात कसे सापडतात? काय सांगू मी?"

मी सगळं लिहिलं. रस्ता, वळण, माल, एसटी. मेजरची सही घेतली, माझी केली. साहेबांनी कार्ड फाडलं नाही, पुढं पाठवलं. हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

नवा सांधा यायला सव्वा महिना लागला. ऐन मालाच्या दिवसांत मेजरची गाडी आमच्या शेडमध्ये उभी आणि त्यांची डाळिंबं दुसऱ्याच्या टेम्पोतून, त्याच्या सवडीनं. दर आठवड्याला ते फोन करायचे, मी दर आठवड्याला "निघालाय" म्हणायचो. गाडी दिल्यावर कंपनीचं पत्र आलं, ग्राहकाच्या समाधानासाठी खास बाब म्हणून भाग बदलून दिला आहे. दोषाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

दोन महिन्यांनी माझी सांगलीला बदली झाली. ती शिक्षा होती की तिथं खरंच जागा रिकामी होती, मला अजून सांगता येत नाही. तिथं थोड्याच दिवसांत एक जैन बेदाणा व्यापारी आले. हळू बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "वळताना जरा थांबल्यासारखं होतंय हो. माझा भासही असेल."

"भास नाही," मी म्हणालो आणि गाडी रस्त्यावर न नेता थेट क्रॉस खोलायला लावला. तसाच गंज. मी पुन्हा सगळं लिहिलं. मग विट्याची एक गाडी, मग तासगावची. मी लिहीत राहिलो. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी अडवलंही नाही.

वर्ष उलटल्यावर कंपनीनं कळवलं, की ठरावीक काळात विकलेल्या पिकअप बोलावून तपासायच्या. मालकांना फोन करायचं काम माझ्याकडं आलं. निम्मे नंबर लागत नव्हते. विट्याचा एक जण दूर कुठंतरी सोनं गाळायच्या दुकानात होता, गाडी गावात भाऊ चालवायचा. "भावाला सांगतो," म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून सांगेल असं वाटेना. मी भावाचा नंबर मागून घेतला.

मेजर माझ्या यादीत नव्हते, ते साताऱ्याचे. तरी मी फोन लावला. काकींनी उचलला आणि त्यांना दिला.

"गाडी इकली गड्या," ते म्हणाले. "दुरुस्त झाली हुती, पर घाट आला की हिचा हात माझ्या हातावर यायचा. कशाला जिवाला घोर?"

"घेणाऱ्याला सांगितलं होतं ना?"

"समदं सांगितलं. कागद बी दिलं."

मी म्हणालो, "मेजर, मी पहिल्यांदाच खोलायला लावायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. एवढंच. नाही म्हणाले नाहीत, असू द्या म्हणाले नाहीत. मग विचारलं, "सांगलीत किती गाड्या ऱ्हायल्यात आजून?"

"पुष्कळ."

"मग ठेवा फोन. करा तेंस्नी."

मी ठेवला आणि विट्याच्या भावाचा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यानं उचलला. शेतात होता, मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. गाडीला काही झालेलं नाही, ऊस आटोपला की बघू, असं तो म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.