बारवेच्या भिंतीवरचे चार ओरखडे

ही केस मी विसरलो नाही, आणि ती विसरण्याचा मला हक्कही नाही. तिच्यातली पहिली चूक माझ्या हातची आहे. वीस वर्षं भरताच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता पोलीस कोठडीतल्या माणसांच्या हक्कांवर पत्रकं काढून गावोगाव वाटतो. लोक विचारतात, खात्यात नोकरी करून खात्यावरच का घसरता? त्यांना मी ही हकिकत सांगतो.

बीड जिल्ह्यातलं एक ठाणं. नाव सांगत नाही, अशी ठाणी पुष्कळ आहेत. मी तिथं उपनिरीक्षक होतो. एका गुरुवारी शेजारच्या गावचा ठेकेदार फिर्याद घेऊन आला. गावाबाहेरच्या जुन्या बारवेतला गाळ काढण्याचं काम त्याच्याकडं होतं. भिंतीतल्या कोनाड्यातली देवीची मूर्ती चोरीला गेली, बुधवारी संध्याकाळपर्यंत जागेवर होती, असं त्यानं लिहून दिलं. गाव खवळलं होतं. मी बारवेवर गेलो. कोनाडा रिकामा होता आणि त्याच्या बाजूची भिंत सिमेंटनं गुळगुळीत केलेली होती. सिमेंट ताजं होतं. ते मला दिसलं. पंचनाम्यात मात्र मी ‘कोनाडा रिकामा’ एवढंच लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि दहा मिनिटांत गाडीत बसलो.

शुक्रवारी दुपारी फोनवर खबर आली. एक मेंढपाळ म्हातारा मेंढरं घेऊन निघालाय, मूर्ती त्याच्या घोड्यावरच्या ओझ्यात, काळ्या घोंगडीत आहे. इतकी नेमकी खबर कोण देतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. आम्ही गेलो, घोंगडी उलगडली आणि मूर्ती निघाली. हात तुटलेला, कपाळाला ताजी हळद, पायाशी बाजरीच्या भाकरीचा तुकडा. चोरीच्या मालाला कुणी नैवेद्य दाखवतं का? मी लिहिलं, ‘दगडी मूर्ती एक, घोंगडीत गुंडाळलेली.’

ठाण्यात हवालदारानं त्याला भिंतीशी बसवलं.

“काय बे, देवाला बी सोडलं न्हाई?”

“म्या चोरली न्हाई, साहेब. गाळाच्या ढिगात पालथी पडल्ती. मेंढरं पाण्यावर घेऊन गेलतो, तवा दिसली. मोडलेला देव पायाखाली येऊ द्यायचा नसतो. वाहत्या पाण्यात सोडणार होतो.”

“मग तीन दिवस गाठोड्यात काहून ठेवली?”

“दोन. उन्हाळ्यात वाहतं पाणी कुठं हाय? तुमाला ठावं असंल तर सांगा, आत्ता जातो.”

हवालदार हसला. मीही हसलो, आणि मग विचारलं, “गावात का नाही सांगितलं?”

“आमी वाटंवरची मानसं. सांगितलं असतं तर आमीच मोडली म्हनले असते. न सांगून बी तेच म्हनले.”

आमच्याकडं माणूस फोडायचे रस्ते असतात आणि प्रत्येक वेळी काठी लागतेच असं नाही. हवालदार त्याला शांतपणे म्हणाला, “बघ आबा, तू आत गेलास की तुजी मेंढरं बेवारशी. कोंडवाड्यात घालावी लागतील. तिथं चारा न्हाई, पाणी न्हाई.” म्हाताऱ्यानं लगेच अंगठा दिला. ‘मूर्ती मी पहारीने उचकटून काढली.’ पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी ती मी फाईलला लावली. फाईल जाड दिसते ना!

शनिवारी सकाळी ठाण्यात आलो तर आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडं मेंढरं. तक्रार द्यायला आलेली माणसं दारातच अडकलेली. मधोमध म्हाताऱ्याची बायको काठी टेकून उभी.

“हे काय मांडलंय, मावशी?” हवालदार ओरडला.

“तुमीच म्हनले न्हवं, कोंडनार म्हनून? आनली. एक तर त्यान्ला भाईर काढा, न्हाई तर मेंढरं बी आत घ्या. मोजून घ्या पर. एक बी कमी झालं तर म्या फिर्याद देनार.”

त्या कळपातून वाट काढत एक माणूस आत आला. पुण्याहून आलेला फोटोग्राफर होता, चांगलाच तापलेला. “बारवेची भिंत कुणी लिंपली? सोमवारी काढलेला एक फोटो उन्हामुळं बिघडला, म्हणून पुन्हा आलो, तर भिंतच नाही!”

सोमवार हा शब्द ऐकून मी त्याला खुर्ची दिली. दुपारी म्हाताऱ्याला न्यायाधीशांपुढं उभं करायचं होतं. हातात तीन तास होते.

तो जुन्या बारवांच्या भिंतींचे फोटो काढत हिंडत होता. त्याचा कॅमेरा लग्नातल्यासारखा नव्हता. पुढं भिंग, मधे सरकणाऱ्या पट्ट्या आणि मागं, पूर्वी जिथं फिल्म असायची तिथं, डिजिटल बॅक नावाची चपटी डबी. त्यानं समजावून सांगितलं. साधा कॅमेरा वर तिरपा केला की भिंत मागं कलल्यासारखी दिसते. याचा कॅमेरा भिंतीसमोर अगदी सरळ राहतो, पाणसळ लावून. उंचावरचं घ्यायचं तर फक्त भिंग वर सरकवायचं. मग मागची डबी डावीकडं, मधे, उजवीकडं सरकवून तीन फोटो घ्यायचे आणि त्यांचा एक करायचा. भिंतीला मोजपट्टी टेकवलेली असते, त्यामुळं फोटोवरूनच अंतर मोजता येतं.

“एका भिंतीला किती टाइम लागतो?” हवालदारानं विचारलं.

“एक सकाळ.”

“एक सकाळ? आमच्याकडं लग्नात तेवढ्यात हजार काढत्यात!”

“आणि त्यातल्या नवरीच्या बांगड्या मोजता येतात का?”

त्यानं लॅपटॉप उघडला. सोमवारी सकाळचा फोटो. कोनाडा रिकामा होता आणि मूर्ती खालच्या पायरीवर पालथी पडलेली. कोनाड्याशेजारी दगडावर चार खोल ओरखडे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. तो फोटो मोठा करत गेला. दगडाचा रवा दिसायला लागला, आणि ओरखड्यांच्या कडेला पिवळ्या रंगाचे बारीक कण.

“तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “मी उजेड बघत होतो. जुनी मोडतोड असेल असं वाटलं. चूक झाली.”

त्यानं एका दमात चूक कबूल केली. मला ते अजून जमलं नव्हतं.

मी म्हाताऱ्याला विचारलं, रविवारी, सोमवारी कुठं होतास? चौसाळ्याकडच्या एका शेतात मेंढरं बसवली होती, खतासाठी. काल हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शेतकऱ्याला फोन लावला. “हां, रविवारी बी इथंच, सोमवारी रात्री बी इथंच होते. मंगळवारी गेले. का वो, काय केलं गरिबानं?”

मग टेप घेऊन आम्ही ठेकेदाराच्या गाळ काढायच्या पिवळ्या मशीनपाशी गेलो. बकेटचे दात मोजले. फोटोतलं अंतर आणि दातांचं अंतर तंतोतंत जुळलं.

“साहेब, सगळ्या मशिनीचे दात सारखेच असत्यात,” ठेकेदार म्हणाला.

“असतील. पण म्हाताऱ्याच्या पहारीला चार दात नसतात.”

मशीनचालक पोरगेला होता, तिथंच खाली बसला. रविवारी गाळ काढताना बकेट कोनाड्याला लागलं होतं. काम हातचं जाईल म्हणून मालकानं सोमवारी दुपारी सिमेंट मारायला लावलं आणि मूर्ती ढिगात लोटली. गाव विचारायला लागलं तेव्हा मालकाला म्हातारा मूर्ती उचलताना दिसलेला आठवला. खबरीचा फोनही मालकाचाच होता.

म्हाताऱ्याला त्याच दुपारी जातमुचलक्यावर सोडलं. पुढं चोरीच्या फिर्यादीत ‘ब समरी’ दिली, म्हणजे फिर्यादच खोटी असा अहवाल. गुन्हा ठेकेदारावर दाखल झाला.

सोडताना मी माफी मागितली. त्याला त्यात फारसा रस नव्हता.

“देवी द्या, साहेब. पाण्यात सोडायची ऱ्हायली.”

मूर्ती मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, ती दुरुस्त होऊन पुन्हा कोनाड्यात बसेल, असं मी सांगितलं. फोटोग्राफरनं त्याला स्क्रीनवरचा फोटो दाखवला. म्हाताऱ्यानं पायरीवरच्या त्या पालथ्या देवीवर बोट ठेवलं.

“म्या तरी दुसरं काय सांगत होतो? पालथी पडल्ती. म्या निस्ती सुलटी केली.”

तेवढ्यात बाहेरून बायकोची हाक आली, “चला वो, मेंढरं तानली!” तो गेला.

लोक म्हणतात, यंत्रानं न्याय दिला. मला ते पटत नाही. ताजं सिमेंट मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं, हळद दिसली होती, भाकर दिसली होती. कॅमेऱ्यामागचा माणूस एका दगडी भिंतीला एक सकाळ देत होता. जित्या माणसाला चोर ठरवताना मी दहा मिनिटं दिली. वाटेवरच्या माणसाचं ऐकायला आमच्या खात्याला कधीच वेळ नसतो, आणि त्याचा अंगठा घ्यायला मात्र लगेच मिळतो. याची लाज वाटली पाहिजे. मला वाटते.

म्हाताऱ्याला सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी टेप घेऊन एकटाच बारवेवर गेलो आणि पुरवणी पंचनामा करायला बसलो. पंचांना बोलावलं, सिमेंट खरवडून घेतलं, एकेक ओरखडा मोजून लिहिला. सकाळ तिथंच गेली.